एक मसुदा, निराळे शेरे

२०२० सालच्या मे महिन्यात, महामारीने साऱ्या जगाचे व्यवहार घरात कोंडून घातलेले असताना, संगणकावर शास्त्रीय गणिते करणाऱ्या मंडळींपुढे एक निराळेच संकट येऊन उभे राहिले. जीसीसी या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि कोणालाही मोफत मिळणाऱ्या कंपायलर-संचाची दहावी आवृत्ती त्या महिन्यात बाहेर पडली, आणि तिच्यातील जीफोर्ट्रान नावाच्या कंपायलरने, आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालत आलेल्या कित्येक जुन्या आज्ञावल्या दारातूनच परत पाठविल्या. त्या आज्ञावल्यांतील एक काना-मात्राही कोणी हलविलेली नव्हती. बदलला होता तो केवळ त्यांचा वाचक. त्याचा शेरा थोडक्यात असा होता, की अमुक सबरुटीनला, म्हणजे आज्ञावलीतल्या एका स्वतंत्र उपभागाला, आपण एका ओळीत पूर्णांक दिला आहे आणि पुढे दुसऱ्या ओळीत त्याच जागी वास्तव संख्या दिली आहे, तेव्हा दोहोंचा मेळ बसत नाही. आक्षेप खरा होता. जीफोर्ट्रानच्या आधीच्या आवृत्त्या अशा विसंगतीवर फार तर ताकीद देऊन, आणि पुष्कळदा तीही न देता, मसुदा पुढे सरकवीत असत. नव्या आवृत्तीने तो नामंजूर केला, इतकेच.

कंपायलर करणाऱ्यांनी लोकांची अडचण ओळखून त्याच आवृत्तीत एक पळवाटही ठेवली होती. न जुळणाऱ्या बाबी पूर्वीप्रमाणे चालवून घ्याव्यात, असे सांगणारा एक स्विच आज्ञेला जोडला की नामंजुरीची पुन्हा ताकीद होई आणि काम चालू होई. पुढे काय झाले असेल ते आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला सांगायला नको. मूळ मसुदा दुरुस्त करण्याच्या खटाटोपात थोडे पडले आणि स्विच जोडून मोकळे होणारे पुष्कळ निघाले. आज कित्येक आज्ञावल्यांच्या बांधणीच्या सूचनांत तो स्विच असा कायमचा बसला आहे, की तो का आला हे ती सूचना वाचणाऱ्या नव्या पोराला ठाऊकही नसते.

कंपायलर म्हणजे काय, हे ज्यांना कधी जाणून घ्यावे लागले नाही त्यांनी बाळबोधीत लिहिलेला मसुदा मोडीत उतरवून देणारा जुन्या दफ्तरातला कारकून डोळ्यांपुढे आणावा. माणूस आपल्याला समजेल अशा भाषेत गणिताची रीत लिहितो. यंत्राला ती भाषा उमगत नाही, त्याला हवे असतात केवळ अंक. मधला कारकून एका लिपीतून दुसरीत मजकूर उतरवितो आणि उतरविताना तो वाचतोही. वाचता वाचता चूक दिसली तर ती दाखवावी, की पक्षकाराच्या मनात असे असेल असा तर्क करून पुढे जावे, की डोळेझाक करावी, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा आणि नेमणुकीच्या शर्तींचा प्रश्न असतो. फोर्ट्रान या भाषेच्या बाबतीत हे कारकून एक-दोन नाहीत. अमेरिकेतील इंटेलचा आहे, इंग्लंडातील नॅग या संस्थेचा आहे, क्रेचा आहे, एनव्हिडियाचा आहे, मोफत मिळणारे जीफोर्ट्रान आणि फ्लँग आहेत. आणि एकच मसुदा या सर्वांपुढे ठेवला तर त्यावर पडणारे शेरे इतके निरनिराळे असतात, की सगळ्यांनी एकच कागद वाचला याविषयी संशय यावा.

हा विषय एखाद्या तांत्रिक नियतकालिकाला शोभेल, दैनिकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली बसविलेला ‘प्रत्यूष’ आणि त्यानंतर २०२४ साली आलेला ‘अर्क’ हे महासंगणक ज्या हवामान-प्रतिमानांसाठी राबत आले आहेत, त्यांचा फार मोठा भाग फोर्ट्रानमध्येच लिहिलेला आहे. पेरणीच्या दिवसांत मराठवाड्यातला शेतकरी ज्या अंदाजाकडे कान लावून बसतो, तो अंदाज त्याच्यापर्यंत येण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या फोर्ट्रान कंपायलरच्या टेबलावरून गेलेला असतो. तेव्हा त्या टेबलावर बसणारा कारकून डोळे उघडे ठेवून वाचतो की नाही, हा प्रश्न सार्वजनिक नाही असे मला म्हणवत नाही.

फोर्ट्रानच्या चरित्रात चुकांच्या निदानाचा प्रश्न अगदी जन्मापासून आहे. जॉन बॅकस यांच्या पुढारीपणाखाली आयबीएममधील एका लहानशा चमूने ही भाषा आणि तिचा कंपायलर ७०४ या यंत्रासाठी तयार केला. सहा महिन्यांत उरकेल असे मानलेले काम तीन वर्षे पुरले, आणि एप्रिल १९५७ मध्ये त्याचा भोके पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊस-बेटिस या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचला. सोबत काही माहितीपुस्तक नव्हते. तिथल्या मंडळींनी अंदाजाने तो यंत्रात घातला, आपली एक चाचणीची आज्ञावली त्याला दिली, आणि यंत्राने उत्तर छापण्याऐवजी एक तक्रार छापली : मसुद्यात एके ठिकाणी स्वल्पविराम हवा होता तो नाही. स्वल्पविराम घातला गेला आणि गणित सुरळीत पार पडले. बाहेरच्या माणसाशी फोर्ट्रानने केलेले पहिले संभाषण हे असे, एका वगळलेल्या स्वल्पविरामाविषयीचे होते, आणि त्यात कंपायलर बरोबर होता.

पण अशीच स्वल्पविरामाची दुसरी एक हकिकत आहे, आणि तीत कंपायलर गप्प राहिला. अमेरिकेच्या मर्क्युरी योजनेच्या काळात नासामध्ये कक्षेचे गणित करणाऱ्या एका आज्ञावलीत ‘डू १० आय = १,१०’ असे लिहावयाचे होते. याचा अर्थ असा, की ‘आय’ला एकपासून दहापर्यंतच्या किमती क्रमाने देऊन खालचे काम दहा वेळा करावे. लिहिताना स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले आणि ओळ ‘डू १० आय = १.१०’ अशी झाली. आता त्या काळच्या फोर्ट्रानमध्ये शब्दांमधल्या मोकळ्या जागेला काही अर्थ नसे, आणि कोणतेही नवे नाव आधी जाहीर न करता वापरण्याची मुभा असे. कंपायलरने मोकळ्या जागा गाळल्या, ‘डू१०आय’ नावाचे एक नवे चल आहे असे धरले, त्याला १.१० ही किंमत दिली, आणि समाधानाने पुढे गेला. दहा वेळा व्हावयाचे काम एकदाच झाले. उत्तर अगदीच वेडेवाकडे न येता किंचित अशुद्ध आले, म्हणून चूक लगेच ध्यानी आली नाही. सुदैवाने कोणाच्या तरी चिकित्सक नजरेने ती अनर्थ होण्यापूर्वी हेरली. १९६२ च्या जुलैमध्ये शुक्राकडे निघालेले ‘मरिनर १’ हे यान याच टिंबामुळे नष्ट करावे लागले, ही आख्यायिका पाठ्यपुस्तकांतूनही फिरत असते. ती खोटी आहे. मरिनरच्या मार्गदर्शनाच्या समीकरणांची नक्कल करताना एका चिन्हावरची आडवी रेघ राहून गेली होती आणि ती चूक माणसाच्या हातची होती. पण आख्यायिका इतकी चिवट का ठरली, हे मात्र समजण्यासारखे आहे. ऐकणाऱ्याला ती शक्य कोटीतली वाटते, कारण ज्याने फोर्ट्रान लिहिले आहे त्याच्या गाठी असा एखादा मूक अपघात असतोच.

माझ्याही गाठी आहे. विद्यार्थिदशेत एका संगणक-केंद्रात आम्ही पत्त्यांवर भोके पाडून आज्ञावल्या देत असू. पत्त्यावर स्तंभ ऐंशी. परंतु ७०४ यंत्राचा पत्ते वाचणारा भाग त्यांपैकी बहात्तरच वाची, म्हणून फोर्ट्रानचे विधान बहात्तराव्या स्तंभापाशी संपले पाहिजे असा दंडक पडला, आणि ते यंत्र भंगारात गेल्यावरही तो दंडक टिकला. उरलेल्या आठ स्तंभांत पत्त्याचा अनुक्रमांक घालीत, जेणेकरून गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर विखुरला तर तो पुन्हा लावता यावा. (तो निसटत असे. प्रत्येकाच्या हातून एकदा तरी निसटे.) माझ्या एका लांबलचक सूत्राच्या शेवटी ०.२५ हा गुणक होता, आणि त्यातला पाच नेमका त्र्याहत्तराव्या स्तंभात जाऊन बसला. कंपायलरने तो वाचलाच नाही. त्याला दिसले ते ०.२, आणि ०.२ ही एक सर्वस्वी सुसंस्कृत, निर्दोष संख्या असल्यामुळे त्याने कोणताही शेरा मारला नाही. मी तीन आठवडे सूत्राची व्युत्पत्ती तपासत होतो, गुरुजनांना विचारीत होतो, आणि शेवटी शेवटी निसर्गाच्या नियमांविषयीच माझ्या मनात किंतु उत्पन्न झाला होता. कागदावर छापलेल्या यादीत तो पाच स्पष्ट दिसत होता, म्हणूनच तो मला दिसला नाही.

अशा मौनाला कायद्याचा आधार होता, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. १९६६ साली फोर्ट्रानचे पहिले अमेरिकन मानक झाले, पुढे ७७ चे झाले; परंतु या दोन्ही मानकांनी कंपायलरवर जी जबाबदारी टाकली ती शुद्ध मसुद्यापुरती. शुद्ध मसुदा शुद्ध रीतीने चालवावा, एवढेच कलम. अशुद्ध मसुदा आला तर काय करावे याविषयी मानक मुग्ध होते. तो नाकारावा, चालवावा, किंवा त्यातून काही भलतेच निर्माण करावे, कशालाच बंदी नव्हती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान ९० च्या मानकाने प्रथमच असे बंधन घातले, की व्याकरणाच्या क्रमांकित नियमांचा आणि त्यांना जोडलेल्या निर्बंधांचा भंग झाला तर तो ओळखून कळविण्याची क्षमता कंपायलरच्या अंगी असलीच पाहिजे. ही सुधारणा मोठी होती. पण या नियम-निर्बंधांच्या बाहेरही मानकात ‘आज्ञावलीने असे करू नये’ अशा स्वरूपाची असंख्य वाक्ये आहेत, आणि ती पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्याची आहे. ती मोडली तर कंपायलरने बोललेच पाहिजे असे नाही. या मोकळ्या पटांगणातच कारकुनांचे स्वभाव दिसून येतात.

एक उदाहरण घ्या. सरणीत शंभर घरे आहेत आणि लिहिणारा म्हणतो, ‘क्रमांक शंभरपेक्षा अधिक नसेल आणि त्या क्रमांकाच्या घरातली संख्या शून्याहून मोठी असेल, तर अमुक करा.’ वाचणाऱ्याला वाटते, की पहिली अट खोटी ठरली की दुसरीकडे कोण कशाला पाहील? सी भाषेत तसे अभिवचन आहे, फोर्ट्रानमध्ये नाही. दोन्ही अटी तपासाव्यात, एक तपासून थांबावे, किंवा दुसरी आधी तपासावी, यांतले काहीही करण्यास कंपायलर मुखत्यार आहे. एक कंपायलर पहिल्या अटीवरच थांबतो आणि आज्ञावली वर्षानुवर्षे सुखाने चालते. दुसरा दोन्ही तपासतो, अस्तित्वात नसलेल्या एकशेएकाव्या घराचे दार उघडतो, आणि तिथे जे काही सापडेल ते घेऊन येतो किंवा यंत्रच थांबते. आज्ञावलीचा कर्ता मग नव्या कंपायलरला दोष देतो. दोष त्याच्या वाक्यात पहिल्या दिवसापासून होता.

दुसरे उदाहरण याहून विनोदी आहे. फोर्ट्रानमध्ये सबरुटीनला जी बाब द्यावयाची तिचा सहसा स्मृतीतला पत्ता दिला जातो. एखाद्याने ४ हा स्थिरांकच देऊन टाकला आणि सबरुटीनने आपल्या कामाच्या ओघात त्या बाबीत एक मिळविला, तर जुन्या काही यंत्रांवर स्मृतीतल्या चाराच्या जागी पाच लिहिला जाई, आणि त्यानंतर त्या आज्ञावलीत जिथे जिथे ४ लिहिले असेल तिथे तिथे पाच समजला जाई. आजच्या यंत्रांवर स्थिरांक बहुधा स्मृतीच्या अशा भागात ठेवतात की जिथे लिहिण्याची मनाई असते. त्यामुळे आज्ञावली तत्क्षणी कोसळते, आणि कोसळताना कारण फार क्वचित सांगते. चूक तीच, एकीकडे अंकगणिताचाच पाया हलला, दुसरीकडे दिवा विझला. दिवा विझणे परवडले.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक माणसांना छळून गेला आहे. सबरुटीनच्या आतल्या चलांची किंमत एका खेपेपासून पुढच्या खेपेपर्यंत टिकावी असे वाटत असेल तर ‘सेव्ह’ असे लिहून ठेवावे लागते. पूर्वीच्या अनेक कंपायलरांनी ही चले स्मृतीत कायमच्या जागी ठेवली, आणि पुष्कळदा ती जागा आरंभी शून्यांनी भरलेली असे. त्यामुळे न लिहिताही सगळे टिकत होते आणि आरंभीची किंमत न देताही शून्य मिळत होते. एक पिढीच्या पिढी या औदार्यावर पोसली गेली. पुढे कंपायलरांनी ही चले तात्पुरत्या जागी, खेप संपली की मोडून टाकावयाच्या मांडवात ठेवायला सुरुवात केली, आणि पंधरा-वीस वर्षे अचूक उत्तरे देणाऱ्या आज्ञावल्या एकाएकी बरळू लागल्या. दिलेले औदार्य परत घेतले जाते तेव्हा घेणाऱ्याला तो आपल्या हक्कावर घाला वाटतो, हे महसूल खात्यातील कोणीही सांगेल. फायलींच्या देवघेवीतही अशीच तफावत : फायलीतील नोंदींची लांबी इंटेलचा कंपायलर, मुद्दाम बजावले नाही तर, चार-चार बाइटांच्या एककात मोजतो आणि जीफोर्ट्रान एकेका बाइटात; एकाने लिहिलेली फाइल दुसरा उघडतो तेव्हा दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात.

निदान उत्तम करता येते, हे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात वेस्ली ग्रॅहम यांच्या छत्राखाली चार पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी वॅटफोर नावाचा कंपायलर रचला. तो विद्यार्थ्यांसाठी होता, म्हणजे चुका करणाऱ्यांसाठी होता, आणि ही गोष्ट त्याच्या कर्त्यांनी मनाला लावून घेतली होती. मसुदा झटपट वाचावा, चूक कोठे व कसली ते सरळ शब्दांत सांगावे, आणि किंमत न दिलेले चल वापरले गेले तर आज्ञावली चालू असतानाही ते पकडावे, अशी त्याची रीत होती. त्याच काळात आयबीएमचा एच नावाचा कंपायलर वेगवान यंत्रभाषा निर्माण करण्यात निष्णात म्हणून गाजत होता. शिकणाऱ्याने वॅटफोर वापरावा आणि जाणत्याने एच, अशी वाटणी मग रूढ झाली. आणि तिच्या पोटी, चूक दाखविणारा कंपायलर हा पोरांचा, मोठ्या माणसांना त्याची गरज नाही, असा जो एक अहंकार जन्मला, तो अद्याप पुरता मेलेला नाही.

वॅटफोरचा वसा पुढे कोणी चालविला असेल तर तो नॅगने. फोर्ट्रान ९० चा जगातला पहिला कंपायलर १९९१ साली नॅगनेच बाजारात आणला, आणि मानकाच्या अक्षराला इतके घट्ट धरणारा दुसरा वाचक मला ठाऊक नाही. सांगितले तर तो सरणीच्या सीमा, सबरुटीनला दिलेल्या बाबींचा मेळ, आणि ज्याला किंमतच दिलेली नाही असे प्रत्येक चल, आज्ञावली चालू असतानाही तपासतो. यातील शेवटची तपासणी हवी असेल तर साऱ्या आज्ञावलीचे तुकडे त्याच शर्तीने बांधावे लागतात आणि दुसरीकडून आणलेले तयार संग्रह तिच्यात मिसळता येत नाहीत, गणितही मंदावते. जीफोर्ट्रान असे अनाथ चल वाचतानाच हेरण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे त्याचे शेरे कधी अनाठायी असतात आणि कधी हवे तिथे नसतात. इंटेलच्या कंपायलरचे मूळ घराणे डिजिटल कंपनीचे. तेथून कॉम्पॅक, कॉम्पॅककडून इंटेल, असा त्याचा प्रवास झाला, आणि डिजिटलच्या जुन्या आश्रितांना दिलेले पुष्कळसे मानकाबाहेरचे शब्द तो अजून पाळतो. निरनिराळ्या फायलींतील सबरुटीनांचा मेळ तपासण्याची सोय मात्र त्याच्यात चांगली आहे, जिथे जीफोर्ट्रानची २०२० ची कठोरता एकाच फाइलच्या कुंपणाशी थांबते. तात्पर्य असे, की सर्वगुणसंपन्न कोणी नाही. एकाच्या डोळ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या दिसते.

यावर हवामानाचे गणित करणारे एक वजनदार प्रत्युत्तर देतात, आणि ते मला टाळावयाचे नाही. ते म्हणतात, की कंपायलर बदलला की चूक नसतानाही उत्तर बदलते. हे खरे आहे. बेरजांचा क्रम बदलला की शेवटचे दशांश बदलतात; इंटेलचा कंपायलर वेगासाठी असा क्रम आपण होऊन बदलतो, जीफोर्ट्रान सांगितल्याखेरीज बदलीत नाही. आणि हवामान हा विषय असा आहे, की १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ ही संख्या भरली एवढ्यावरून त्यांच्या यंत्रातील हवामानाने काही काळाने सर्वस्वी निराळी वाट धरली. मग दोन कंपायलरांची उत्तरे जुळत नाहीत यावरून चूक आहे असे कसे म्हणावे? उत्तर अवघड आहे, पण अशक्य नाही. अमेरिकेत बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने यासाठी संख्याशास्त्राचा आश्रय घेतला. आरंभीच्या तापमानात अत्यल्प फरक करून प्रतिमान अनेकदा चालवावयाचे, त्या उत्तरांचा नैसर्गिक पसारा किती ते मोजावयाचे, आणि नव्या कंपायलरचे उत्तर त्या पसाऱ्यात बसते की त्याच्या बाहेर पडते ते पाहावयाचे. बाहेर पडले तर खुशाल चौकशी बसवावी. म्हणजे फरक येतोच, म्हणून पाहूच नये, या युक्तिवादात आता अर्थ राहिलेला नाही.

२०२० च्या तक्रारदारांची बाजूही एका मर्यादेपर्यंत खरी होती. ज्या आज्ञावल्या परत आल्या त्यांतील बऱ्याच एमपीआय या संदेशवहनाच्या व्यवस्थेचा वापर करीत होत्या. हजारो प्रोसेसरांमध्ये संख्यांची ने-आण करणाऱ्या या व्यवस्थेत एकच सबरुटीन आज पूर्णांकांचे गाठोडे नेते आणि उद्या वास्तव संख्यांचे, आणि हमालाला गाठोड्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. व्यवहारात तिथे काही बिघडत नव्हते. परंतु २०१२ च्या तिसऱ्या एमपीआय मानकाने नेमक्या याच अडचणीसाठी फोर्ट्रानला साजेशी राजमान्य वाट करून दिलेली होती. आठ वर्षांची मुदत कोणत्याही कुळाला अपुरी म्हणता येणार नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या निरुपद्रवी हमालांच्या गर्दीत काही खरोखरीच चुकीची गाठोडीही होती, आठ बाइटांची संख्या जिथे अपेक्षित तिथे चार बाइटांची दिलेली. स्विच जोडला की दोन्ही एकाच दारातून आत जातात. माझा राग त्या स्विचवर नाही. संक्रमणकाळात तो असावाच. राग आहे तो त्याला मुदत न घालण्यावर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांतून जी गणिते बाहेर पडतात, विशेषतः पाऊस, पूर, वादळे यांची, त्यांच्या आज्ञावल्या वापरात येण्यापूर्वी निदान तीन भिन्न घराण्यांतील कंपायलरांकडून सर्व ताकिदी चालू ठेवून वाचून घ्याव्यात. आलेला प्रत्येक शेरा दफ्तरी दाखल व्हावा. आणि जो शेरा स्विच लावून दडपला असेल त्याच्यापुढे कोणी, केव्हा आणि का दडपला ते लिहिलेले असावे. नगरपालिकेच्या गटारकामाच्या कागदपत्रांत एवढी शिस्त असते. महासंगणकाच्या बाबतीत, जिथे कर्ता कॉर्पोरेशनचा मुकादम नसून विद्यावाचस्पती असतो, तिथे ती अनावश्यक मानली जावी याचे मला नवल वाटते. शिकविणाऱ्यांनीही पोरांच्या हाती पहिल्या दिवशी सर्वांत कडक वाचक द्यावा. ‘इम्प्लिसिट नन’ हे दोन शब्द प्रत्येक आज्ञावलीच्या माथ्यावर लिहावयाला लावले, म्हणजे जाहीर न केलेले नाव चालणार नाही असे बजावले, तर ‘डू१०आय’ पुन्हा जन्माला येणार नाही.

ही निकड आजच का, याचेही एक कारण आहे. वाचकांची संख्या घटते आहे. चुका दाखविण्यात नावाजलेली लेही ही अमेरिकन कंपनी २०२२ च्या अखेरीस बंद झाली. इंटेलने आपला जुना कंपायलर मोडीत काढून एलएलव्हीएम या सामाईक पायावर नवा उभा केला आहे. फ्लँगही त्याच पायावर आहे. मसुदा वाचून शेरा मारणारा पुढचा भाग या दोहोंचा अद्याप स्वतंत्र आहे, ही समाधानाची बाब. पण यंत्रभाषा उतरविणारा मागचा भाग एक होत चालला, की त्या भागातील एखादी चूक सर्वांची एकच चूक होईल, आणि मग ती दाखवून द्यायला शेजारचा कारकून उरणार नाही.

परवा जुन्या कागदांत माझ्या त्या ०.२५ च्या आज्ञावलीची पिवळी पडलेली यादी सापडली. कुतूहल म्हणून ती जशीच्या तशी, स्तंभ मोजून, संगणकावर उतरविली आणि जीफोर्ट्रानला दिली. काही न बोलता त्याने ती स्वीकारली आणि तेच जुने चुकीचे उत्तर काढून दाखविले, कारण जुन्या धाटणीच्या मसुद्यात बहात्तराव्या स्तंभापुढचे गाळणे आजही नियमाला धरूनच आहे. मग सर्व ताकिदी चालू करणारा स्विच जोडून पुन्हा दिली. या खेपेस एक ओळ आली : अमुक क्रमांकाची ओळ तोडली गेली आहे. तोडलेल्या पाचाखाली खूण होती.